शुगरची वर्गणी: संशोधनाला की शिबिराला?

तापीकाठचा: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे "शुगर तपासायच्या शिबिरांवर वर्गणी उधळू नका, सगळा पैसा संशोधनाला पाठवा." एसीत बसून लिहायला काय जातं? माझा भाचा नऊ वर्षांचा, टाईप वन, म्हणजे अंगात इन्सुलिन बनतच नाही असा मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, तितक्याच वेळा बोटाला टोचणं. डाव्या हाताच्या बोटांची चाळणी झाली आहे. शुगर मोजायच्या स्ट्रिपा परवडेनात म्हणून बहीण मध्ये दिवसाआड एकदाच तपासत होती. मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात लाईट जाते. मग मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटा माठ, त्यात इन्सुलिनच्या कुपीचा डबा. संशोधन होईल तेव्हा होईल, पोराला स्ट्रिप आज लागते.

जुना_मास्तर: ती पोस्ट माझीच. एसी नाही, कूलर आहे, आणि त्यात पाणी नाही. माठातलं इन्सुलिन आलं कुठून? १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी ते शोधलं नसतं, तर टाईप वनच्या पोराला अर्धपोटी ठेवून घरचे दिवस मोजत बसले असते. पुण्यात मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलं, की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, तरी अंगात चरबी जास्त, म्हणजे शुगरचं मूळ तिथंच असू शकतं. हे चौकातल्या मांडवात कळलं असतं का? गेल्या १४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनाच्या शिबिरात, आमच्या इथे एकाच्या बोटाला टोचलं, चिठ्ठीवर शुगर ३१२ लिहिली, फोटो काढला, चहा-बिस्किट दिलं. चहा गोडच होता.

रावेरचा_केळीवाला: आमच्या शिबिरात तर डॉक्टर माईकवरून म्हणे, केळी म्हणजे शुगरवाल्याला विष! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं अन् हा इथंच उभा राहून हे बोलू राहिला. केळीले नाव ठेवू नका भो.

धुळ्याची_वहिनी: मोजून खा म्हणाले असतील. शंभर ग्रॅम पिकल्या केळात वीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. माझे सासरे "फळच आहे" म्हणत एका बैठकीत चार खायचे, वर शेवभाजी आणि तीन भाकरी. कळण्याची भाकरी म्हणजे औषध, हेही त्यांचंच. पायाचा अंगठा काढला तेव्हा गप्प झाले.

रावेरचा_केळीवाला: सासऱ्यांचा राग माझ्या बागेवर कशाला? शेवेला कुणी बोलत नाही. भाव पडतो तेव्हा आमच्यासाठी कुणी वर्गणी काढत नाही.

भरीतप्रेमी: भरीत चालतं का शुगरला?

धुळ्याची_वहिनी: वांगं चालतं. त्यावरचं तेल आणि सोबतच्या आठ पुऱ्या नाही चालत.

रावेरचा_केळीवाला: म्हणजे वांग्याला माफी, केळीला फाशी!

जुना_मास्तर: विषय वर्गणीचा होता.

धडगावची_सिस्टर: तुम्ही भांडा केळीवरून. आमच्याकडे सातपुड्यात सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून अशा पेशंटची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, खोटी कमी येऊ शकते. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस आतून झिजतोय. बाहेरून आलेल्या शिबिरवाल्यांनी सरसकट तीच तपासणी लावली. मी सांगितलं, तर म्हणे मशीन नवीन आहे. मास्तर, हे संशोधनानेच कळलं, कबूल. पण पाड्यावर जाऊन पावरीत, तिथल्या लोकांच्या बोलीत, समजावणारा माणूस लागतो, आणि त्याला महिन्याचा पगार लागतो. त्यासाठी देणगी मागितली की सगळ्यांचे फोन बंद. मशीनवर नाव कोरता येतं, माणसावर कसं कोरणार?

तापीकाठचा: सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. मास्तर, तुमच्या बँटिंगसाहेबांना आमचा साष्टांग. आता शंभरातले ऐंशी स्ट्रिपांना आणि सिस्टरच्या माणसाला, वीस तुमच्या संशोधनाला. आणि शिबिर करायचंच असेल तर ३१२ वाल्याच्या घरी आठ दिवसांनी कोण जाणार, ते आधी ठरवा.

जुना_मास्तर: वीस? भीक घालता काय? तीस करा. ३१२ वाला आमच्याच गल्लीतला आहे, संध्याकाळी जातो.

रावेरचा_केळीवाला: जाताना केळी घेऊन जा. कच्ची देतो, भाजीची.