आईबाबांना इंग्लंडातल्या डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून शब्द हवेत

पारिजात७:
आई (६६) आणि बाबा (७१) काही महिने लीड्सला राहायला येताहेत. इंग्रजी दोघांना वाचता येतं, दुकानात किंवा बसमध्ये अडत नाही. पण दुखणं सांगायची वेळ आली की गाडी 'व्हेरी पेन, व्हेरी पेन'वर अडकते. आईला मधुमेह आणि अधूनमधून चक्कर, बाबांना रक्तदाब आणि पित्त. दिवसभर घरी दोघंच असतील. एका कार्डावर मराठी तक्रार आणि शेजारी देवनागरीत इंग्रजी वाक्य लिहून द्यायचं आहे. नेटवर 'हिवताप म्हणजे मलेरिया' छापाच्या याद्या ढिगाने आहेत, त्यांचा काही उपयोग होईलसं वाटत नाही. काय लिहू?

खलबत्ता:
रोगांची नावं लिहूच नका. रोग ओळखायला डॉक्टर बसलाय, आपण फक्त काय होतंय ते सांगायचं. खरी गोची वेगळीच असते. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत त्याचे तीन तुकडे.

चक्करच घ्या. घर गरगर फिरतंय का? मग 'द रूम इज स्पिनिंग'. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटतंय का? 'आय फील फेंट'. नुसतं डोकं हलकं वाटून तोल जातोय? 'आय फील लाइटहेडेड अँड अनस्टेडी'. पहिल्यात बऱ्याचदा कानाकडे बघतात. दुसऱ्यात रक्तदाब, हृदय, साखर. सगळ्याला 'डिझी' म्हटलं तर ही वाटणी करण्यातच वेळ जातो. मधुमेह असलेल्या आईंसाठी ही तीन वाक्यं सगळ्यात वर.

पित्ताचं तर विचारूच नका. छातीत जळजळ असेल तर 'हार्टबर्न'. घशाशी आंबट येत असेल तर 'ॲसिड कम्स अप इनटू माय थ्रोट'. अंगावर पित्त उठलं तर 'हाइव्ज' किंवा 'अ रेज्ड, इची रॅश'. उलटीतून पिवळं-हिरवं पडलं तरच 'बाइल'. शब्दकोश उघडून सगळीकडे 'बाइल' लिहिलंत तर बाबांची जळजळ बाजूला राहील आणि पित्ताशयाची चौकशी सुरू होईल.

शरीराचे भागही तपासा. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत. त्यांचा 'हँड' मनगटाशी सुरू होतो, वरचा तो 'आर्म'. पाय तसाच: घोट्याच्या वर 'लेग', खाली 'फूट'. पायाचं बोट 'टो', 'फिंगर' नव्हे. कंबर दुखते तेव्हा 'वेस्ट' नाही, 'लोअर बॅक'.

गवतीचहा:
खलबत्त्यांशी सहमत, पण दोन ठिकाणी रोगाचं नाव घ्यायचंच. एक, आधीपासून असलेले आजार: 'आय हॅव डायबिटीस', 'आय हॅव हाय ब्लड प्रेशर'. नुसतं 'आय हॅव शुगर' किंवा 'आय हॅव बीपी' तिथे अर्धवट वाक्य वाटतं. दोन, तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर राहत नाही, जीभ जड. असं दिसलं की ९९९ लावून पहिलं वाक्य 'आय थिंक इट्स अ स्ट्रोक'. तिथे लक्षणांचं वर्णन नंतर.

आता जे शब्द आपल्याला इंग्रजी वाटतात आणि तिकडे चालत नाहीत ते. 'लूझ मोशन' म्हणू नये, 'डायरिया' म्हणावं, आणि लगेच आकडा: 'सिक्स टाइम्स सिन्स मॉर्निंग'. शौचाला होत नसेल तर 'कॉन्स्टिपेटेड'. 'सिक' हा फसवा शब्द आहे. ब्रिटनमध्ये 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय आणि 'आय हॅव बीन सिक' म्हणजे बहुतेक वेळा उलटी झाली. नुसतं बरं नसेल तर 'आय फील अनवेल'.

कफ सिरपमुळे आपल्याकडे वेगळाच घोळ आहे. खोकला 'कॉफ', आपला कफ 'फ्लेम', आणि पोटरी 'काफ'. तिन्ही एका ओळीत लिहून द्या. फ्लेमचा रंगही विचारतात.

डॉक्टरचा दवाखाना तिथे 'सर्जरी'. 'कम टु द सर्जरी' ऐकून बाबांनी ऑपरेशनची धास्ती घेऊ नये. 'प्लास्टर' म्हणजे बरेचदा आपली बँडेडची पट्टी. सलाइन म्हणजे 'ड्रिप'.

पारिजात७:
दोघांचेही आभार, पित्ताचं डोक्यातच आलं नव्हतं. बाबा 'घाबरं होतंय' आणि आई 'कसंतरी होतंय' म्हणते, त्याला काय लिहू? आणि दुखण्याचे प्रकार?

खलबत्ता:
'घाबरं होतंय'ला 'आय ॲम अफ्रेड' अजिबात लिहू नका. कुणीतरी पाठीवर हात फिरवून धीर देईल आणि हृदयाचं राहून जाईल. बाबांनाच विचारा, नेमकं काय होतं. धडधड असेल तर 'माय हार्ट इज रेसिंग'. धाप असेल तर 'आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ'. छाती आवळल्यासारखी असेल तर 'टाइटनेस इन माय चेस्ट'. छाती आवळली किंवा जड झाली आणि सोबत घाम, मळमळ, धाप किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ असेल तर थेट ९९९. 'गॅस असेल' म्हणून वाट बघत बसायचं नाही.

'कसंतरी'ला इंग्रजीत शब्द नाही आणि डॉक्टरला त्यातून काही कळतही नाही. पण मधुमेही माणसाच्या कसंतरी होण्यात थरथर, घाम, भूक असेल तर आधी साखर मोजा. कमी आली तर तिथे 'आय ॲम हॅविंग अ हायपो' म्हणतात.

दगडीपाटा:
दुखण्याचे प्रकार मी घेतो. ठणकतंय: थ्रॉबिंग. मंद, सतत: अ डल एक. भोसकल्यासारखं: स्टॅबिंग. आग होते: बर्निंग. पोटात कळा: 'क्रॅम्प्स, दे कम अँड गो'. चमक: 'अ शार्प पेन व्हेन आय मूव्ह'. मुंग्या: पिन्स अँड नीडल्स. बधिरपणा: नंब, शेवटचा 'ब' उच्चारायचा नाही, 'नम'. उसण भरली तर 'आय हॅव पुल्ड अ मसल इन माय बॅक'. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे हमखास विचारतात. आपली माणसं सोशिकपणे 'तीन-चार' म्हणतात आणि रांगेत मागे जातात. रात्री झोप येत नसेल तर ते तीन नव्हे.

लागण्याचंही लिहा. खरचटलं: ग्रेझ. मुका मार बसून काळंनिळं झालं: ब्रूझ. टेंगूळ: बंप. घोटा मुरगळला: 'आय हॅव ट्विस्टेड माय अँकल'. गरम पाण्याने किंवा वाफेने भाजलं तर 'स्कॅल्ड', तव्याने भाजलं तर 'बर्न'. पाण्याने भरलेला फोड 'ब्लिस्टर', पू धरलेलं गळू 'बॉइल'. आणि 'फ्रॅक्चर आहे, मोडलं नाही' हा आपला लाडका गैरसमज आहे. फ्रॅक्चर आणि ब्रेक एकच.

नागीण झाली तर 'शिंगल्स' म्हणा. नुसतं 'हर्पीस' म्हटलं तर समोरचा भलत्याच रोगाचा विचार करेल.

सुंठसाखर:
आकडे राहिले. ताप तिथे सेल्सियसमध्ये. १००.४ म्हणजे ३८, १०२ म्हणजे ३८.९. आईंचा इथला ग्लुकोमीटर २५० दाखवेल, नर्सला ते कळणार नाही. १८ने भागा, १३.९ सांगा. ७० म्हणजे ३.९, १८० म्हणजे १०. तीन महिन्यांची सरासरी साखर इथे टक्क्यांत असते, तिथे वेगळ्या एककात: ७ टक्के म्हणजे ५३, ८ टक्के म्हणजे ६४. रिपोर्टवर हे पेनाने लिहून ठेवा.

औषधांची आपल्याकडची ब्रँडनावं तिथे बिनकामाची. क्रोसिनऐवजी पॅरासिटामॉल, इकोस्प्रिन ७५ऐवजी ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम. प्रत्येक गोळीतला घटक, ताकद आणि वेळ लिहा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. ती घेऊन वर तिथलं पॅरासिटामॉल घेतलं की मात्रा दुप्पट होत जाते. शिवाय आयबुप्रोफेन रक्तदाबाच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नये. कशाची ॲलर्जी असेल तर 'आय ॲम ॲलर्जिक टु' हे कार्डावर लाल शाईने.

गवतीचहा:
आईंच्या कार्डावर मागच्या बाजूला, जे त्या तुमच्यासमोर बोलणार नाहीत ते. लघवीला आग: 'इट बर्न्स व्हेन आय पी'. खोकताना लघवी होते: 'आय लीक व्हेन आय कॉफ'. पांढरं जातं: 'डिस्चार्ज'. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर 'ब्लीडिंग आफ्टर मेनोपॉज', आणि हे थोडं असलं तरी लगेच सांगायचं. अंग बाहेर येतं: 'प्रोलॅप्स'. त्याआधी 'कॅन आय सी अ फीमेल डॉक्टर, प्लीज?'

जीव धोक्यात नाही पण थांबवतही नाही, अशा वेळी फोन १११. तिथे दुभाषी मिळतो: 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज' म्हणून फोन धरून ठेवायचा. कार्डावर सगळ्यात वर घराचा पोस्टकोड आणि तुमचा नंबर लिहा, पहिल्यांदा तेच विचारतात.

पारिजात७:
पोस्टकोड लिहायचं सुचलंच नसतं. आज रात्री कार्ड करते. 'कसंतरी' शब्दावर मात्र आईशी बसून बोलावं लागेल.