चर्चच्या पाळकांनी खजिनदारांना सांभाळून घेतलं, ते बरोबर होतं का?

कमिटीतला एक: आमची मंडळी, म्हणजे चर्च, नाशिकमधलीच, नाव देत नाही. हंगामाच्या सणाला लिलावात द्राक्षांच्या पेट्या, कोंबड्या, भाज्या मिळून 18 हजार जमले. खजिनदारांनी त्यातले बरेचसे बायकोच्या डायलिसिसला वापरले. पाळकांना कळल्यावर त्यांनी हप्त्यांनी फेडून घेतले, पण कमिटीला आठ महिने पत्ता नाही. आता पै न् पै परत आलीय. तरी परवाच्या बैठकीत आवाज चढले. तुम्हाला काय वाटतं?

शरणपूरकर: पाळकांनी योग्य केलं. बायबलात मत्तय 18 मध्ये, भावाने अपराध केला तर काय करावं ते सांगताना, पहिली पायरी एकट्याने जाऊन बोलायची आहे, चावडीवर नेण्याची नाही. आपल्याकडे शरणपूर रोडची बातमी चहाला उकळी फुटायच्या आत नाशिकरोडला पोचते. ते घर पुन्हा उपासनेला आलं असतं का? शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तरी प्रभूने मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हाती दिली.

जमाखर्च: दिली, पण आधी तीनदा विचारलं. तुमच्या पाळकांनी एकदा तरी मंडळीपुढे विषय काढला? आणि मत्तय 18 पहिल्या पायरीवर संपत नाही. शिवाय तिथे भावाने भावाचा केलेला अपराध आहे, इथे पैसा सगळ्यांचा. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून (2 करिंथ 8). पौलाला जे गरजेचं वाटलं ते आपल्याला नाही?

शरणपूरकर: वही बरोबर, माणूस गेला, असं व्हायला नको एवढंच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही हातात आलेलं वाटून मोकळे व्हायचे.

जमाखर्च: स्वतःचं वाटायचे! आणि त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच बसली.

महिला मंडळातली: दोघेही वचनांवर भांडताय. मी त्या लिलावात बोली लावली होती, म्हणून विचारते. त्या बाईची डायलिसिस चालू आहे हे आम्हाला कळलं असतं तर आम्ही घरोघर फिरून पैसे उभे केले असते. पाळकांनी आमच्यापासून चोरी लपवली तसं आजारपणही लपवलं. यात प्रेम कुणावर झालं? त्या माणसाला आठ महिने पाळकांची नजर चुकवत बसावं लागलं असेल. आणि पैशांच्या पेटीची किल्ली एकाच माणसाकडे का होती, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

शरणपूरकर: ताई, किल्लीचं मान्य. पाळकांनी तोंड उघडायला हवं होतं, हे अजून पटत नाही.

कमिटीतला एक: किल्लीचं उत्तर मलाच द्यावं लागेल. दर महिन्याला वहीवर सही मी करायचो, पानं न उलटता. विश्वास म्हणायचो त्याला, खरं तर जेवायला घरी जायची घाई असायची. आता दोघांनी मोजायचं ठरलंय. खजिनदार पदावरून गेले, पण रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतात. त्यांच्या शेजारी जाऊन बसायला मला अजून जमलेलं नाही.