'कॉम्प्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

एका तांत्रिक पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ऑडिओ-व्हिडिओच्या 'कॉम्प्रेशन'ला कोशात 'संपीडन' सापडलं. वाचताना पीडाच जास्त जाणवते. दुसरं काही? आणि 'लॉसी', 'लॉसलेस'चं काय करू?

– 'संक्षेपण' लिहा की.

– संक्षेप निबंधाचा होतो, गाण्याचा कसा होईल? खरा घोळ असा की इंग्रजीनं दोन निराळ्या कामांना एकच नाव दिलंय. लॉसलेस, म्हणजे फ्लॅकसारखी ऑडिओ फाइल, ही साडीची घडी. उलगडली की काठपदरासह तीच साडी. लॉसी, म्हणजे एमपी३, हे आटवलेलं दूध. बासुंदीत पाणी ओतून दूध परत मिळत नाही. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजलेल्या किमती), प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे १,४११ किलोबिट. सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. ताशा कडाडत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही ना? अशा झाकल्या गेलेल्या आवाजांचा तपशील आधी जातो. म्हणून लॉसीला 'आटीव' आणि लॉसलेसला 'घडीव'!

– 'घडीव' म्हटलं की मला दगड आठवतो. :) शिवाय एमपी३मध्ये आटवून झाल्यावर उरलेल्याची हफमन पद्धतीनं (वारंवार येणाऱ्या किमतींना छोटे संकेत देऊन) घडीही घालतातच. तुमचे दोन्ही शब्द एकाच फाइलला लागू.

– मान्य. 'घडीव' मागे घेतो.

– व्हिडिओत तर तिसराच प्रकार. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत दर फ्रेमला नव्यानं कशाला लिहायची? 'वरीलप्रमाणे' म्हणायचं आणि हललं तेवढंच नोंदवायचं.

– 'स्टँडर्ड'ला 'मानक' लिहिणार असाल तर एक खुलासा जोडा. मानक म्हटलं की आपल्याला आयएसआयचा शिक्का आणि दर्जाची हमी आठवते. इथे तसं नाही. १९९३चं ऑडिओ-व्हिडिओचं मानक एमपेग-१ घ्या किंवा २००३चं व्हिडिओचं एच.२६४, त्यात साठवलेला डेटा कसा असावा आणि तो कसा उलगडायचा, एवढंच ठरवलेलं असतं. आटवायचं कसं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यामुळे मानक तेच, फाइलचा आकार तोच, तरी एकाचं चित्र स्वच्छ आणि दुसऱ्याचं चौकटी-चौकटींचं.

– हा खुलासा घेतेच. मथळ्यात 'कॉम्प्रेशन' राहू देते, आत 'तपशील गाळून' आणि 'तपशील राखून' असं उघड लिहिते. बासुंदी तळटीपेत. फाइल आटवणारा-उलगडणारा कोडेक मात्र कोडेकच!