मदत हवी: गिअरबॉक्सचा फिलर प्लग जाम, अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग वाचवायचंय

मंडळी,
मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला घेतलंय. खालचा ड्रेन प्लग सुटतोय, पण मुद्दाम उघडला नाही. बाजूचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) जाम आहे. जुनं ऑइल काढून बसलो आणि हा निघालाच नाही तर नवीन भरायचं कुठून?

प्लग लोखंडी, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. प्लगला आतून सहाकोनी खाच आहे, पण आधी कुणीतरी तिथे झटापट केलेली दिसते. कोपरे गोल झालेत, अ‍ॅलन की नुसती फिरते. कडेने पांढरी पूड धरलीय, म्हणजे प्लग फक्त घट्ट नाही, अ‍ॅल्युमिनियमही गंजलंय. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, हातोडीने ठोकलं. ढिम्म!

इझीआउट (अडकलेल्या बोल्टात उलट्या आट्यांनी रुतवून तो बाहेर काढायचं हत्यार) नको वाटतो. तो कडक पोलादाचा, आत तुटला तर साधं ड्रिलही त्यात शिरत नाही. प्लग गेला तरी चालेल, केसिंगचे आटे जायला नकोत. गॅसची बत्ती लावू का?

प्रतिसाद १
बत्ती अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं; शुद्ध असेल तर ६६० अंश सेल्सिअसला, केसिंगचा मिश्रधातू त्याच्याही आधी. जवळपास ऑइल सील (ऑइल गळू न देणारी रबरी कडी) असेल तर ते त्याच्या कितीतरी आधी जळेल.

स्प्रे नीट पुसून काढा (पेट घेतो) आणि हॉट एअर गनने प्लगभोवतीचं केसिंग तापवा. प्लग नाही, केसिंग! अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. पाण्याचा थेंब चुरचुरला की पुरे. मग खाचेपेक्षा किंचित मोठं टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचं) ठोकून बसवा, लांब दांड्याने आधी जरासं घट्ट करायच्या बाजूला रेटा, मग उलट. झटका देऊ नका.

प्रतिसाद २
तेही फसलं तर प्लगवर नट वेल्ड करून घ्या. बॅटरीच्या वायरी काढा आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लँप प्लगला अगदी लागून लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाईल. वेल्ड थंड होताना प्लग आक्रसतो, बरेचदा तेवढ्यावरच सुटतो. नवीन प्लगला अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

धागाकर्ता
आधी गन आणि टॉर्क्स. पण नाहीच निघाला तर?

प्रतिसाद १
बऱ्याच गिअरबॉक्सना रिव्हर्स लाइटचा स्विच वरच्या बाजूला असतो. तो काढून तिथून भरता येतं. फक्त लेव्हल फिलरच्याच भोकातून बघतात, ते बंद असल्याने मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइल मापून ओता. आणि तो स्विच सुटतोय का, हे ड्रेन उघडायच्या आधी बघा.