मदत हवी आहे: रेरा एजंट व्हायचं आहे, पण तोवर दुसऱ्याच्या नंबरवर काम करावं का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. गेली सहा वर्षं घरूनच भाड्याचे फ्लॅट लावून द्यायचं काम करते. अंबडच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली मुलं, बदली होऊन आलेली कुटुंबं माझ्याकडे येतात. मालक आणि भाडेकरू, दोघांकडून पंधरा-पंधरा दिवसांचं भाडं एवढंच माझं ब्रोकरेज. लिव्ह अँड लायसन्सचा करार प्रत्येक वेळी नोंदवूनच घेते, तोंडी व्यवहार कधी केला नाही.

दिवाळीनंतर माझ्याच एका जुन्या भाडेकरूने स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. नवरा-बायको दोघांना घेऊन मी तीन साइट दाखवल्या. एक पसंत पडली, ४२ लाखांचा फ्लॅट. बुकिंगची बोलणी सुरू झाली तेव्हा साइट ऑफिसमध्ये मला विचारलं, "मॅडम, तुमचा रेरा नंबर?" रेरा म्हणजे घरविक्रीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याखाली एजंट म्हणून नोंदणी केली की हा नंबर मिळतो. माझ्याकडे तो नाही. मग तिथल्याच एकाने बाजूला घेऊन सांगितलं की ओळखीच्या एजंटचा नंबर लावू, त्याला तीस टक्के द्या, बाकीचे तुमचे. दोन टक्के ब्रोकरेजने ८४ हजार होतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे हा आकडा माझ्यासाठी किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको. तरीही मन घेत नाही, म्हणून विचारते आहे.

असं करणं चालतं का? आणि इतकी वर्षं भाड्याचं काम नंबराशिवाय केलं, ते चुकीचं होतं का? माझं शिक्षण बारावीपर्यंत, शेवटची परीक्षा १९९८ साली दिली. एका क्लासवाल्याने "२५ हजार द्या, प्रमाणपत्र घरी येईल, परीक्षेचं आम्ही बघतो" असं सांगितलं आहे, दोन हजार टोकन मी देऊनही बसले. आयकर रिटर्न कधी भरलेलं नाही, वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास मिळतात. कृपया नीट समजावून सांगा.

गोदाकाठ:
ताई, दुसऱ्याचा नंबर अजिबात लावू नका. नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरतीच असते. रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातलं घर नोंदणीशिवाय कोणाला मिळवून देता येत नाही. मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ४२ लाखांवर ५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार. ज्याचा नंबर लावायचा म्हणतात त्याची स्वतःची नोंदणी चालू आहे का, हेही कोणी सांगितलेलं नसणार. एजंटांसाठी सक्तीचं असलेलं परीक्षेचं प्रमाणपत्र न घेतल्यामुळे २०२४ मध्ये महारेराने (रेरा कायदा राबवणारं आपल्या राज्याचं प्राधिकरण) सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली होती.

आणि त्या कुटुंबाचा विचार करा. कागदावर ज्याचं नाव लागेल त्या माणसाला त्यांनी पाहिलेलंही नसेल. उद्या ताबा अडला, सांगितलेलं एक आणि निघालं भलतंच, तर ते कोणाला विचारणार? तुम्हालाच. आणि तुमचं नाव तर कुठेच नाही.

सातबारा_वाचक:
भाड्याच्या कामाबद्दल निश्चिंत राहा. रेरा भाडेव्यवहाराला लागू नाही. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची असते, आणि तुम्ही ते करून घेताच आहात. सहा वर्षांत तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही.

जुन्या सोसायटीतला फ्लॅट मालकाकडून मालकाला विकला जातो, त्यालाही कलम ९ थेट लागत नाही. पण एकदा साइटवरची कामं करायची ठरवली की नंबर हवाच, मग उगाच रेषेच्या अलीकडे-पलीकडे करत बसू नका.

गोदाकाठ:
क्लासवाल्याचं राहिलं. ताई, तो पैसे घेऊन तुम्हाला काहीही देऊ शकत नाही. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे २० तासांचं प्रशिक्षण, मग संगणकावर परीक्षा. परीक्षा आयबीपीएस घेते, बँकांच्या परीक्षा घेते तीच. मध्ये कोणाला बसवून पास होता येत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर आहे, त्यात या क्लासचं नाव बघा. नसेल तर टोकन परत मागा.

परीक्षा मराठीतून देता येते. शिक्षणाची अट नाही. सत्तरी ओलांडलेल्या लोकांनी ती पास केली आहे. मी स्वतः कॉलेज सोडून वीस वर्षं झाल्यावर बसलो. प्रश्न आपल्या रोजच्या कामातलेच येतात: चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) कसं मोजतात, विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकतो का (नाही, कलम १३), ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात का ठेवायचे. हे शिकल्यावर माझं पार्टीशी बोलणंच बदललं. आधी मी ब्रोशरमधलं वाचून दाखवायचो. आता महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख आधी दाखवतो. 

पाथर्डी फाटा (धागाकर्ती):
खूप आधार वाटला. यादी पाहिली, त्या क्लासचं नाव नाही. आता रिटर्न आणि ऑफिस यांचं सांगा. मला वेगळं ऑफिस नाही, हॉलमध्ये टेबल टाकून बसते.

सातबारा_वाचक:
एजंट नोंदणीच्या अर्जात मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागतात. पण उत्पन्न करपात्र नसल्यामुळे भरली नसतील तर तसं घोषणापत्र देता येतं. पावणेदोन लाखांवर तुम्हाला तेच लागेल. मात्र यंदापासून रिटर्न भरायला लागा. बिल्डर ब्रोकरेजमधून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापणार, तो परत मिळवायचा तर रिटर्नशिवाय मार्ग नाही. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, ती चिंता आत्ता नको.

घराचा पत्ता चालतो, माझीही नोंदणी घरच्याच पत्त्यावर आहे. पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो, शिवाय लेटरहेड आणि रबरी शिक्क्याचा नमुना तयार ठेवा. एकट्या व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये. भागीदारी किंवा कंपनीच्या नावाने गेलात तर १ लाख, म्हणून सुरुवात स्वतःच्या नावानेच करा. नोंदणी ५ वर्षं चालते. नंबर मिळाला की कार्डावर, बोर्डावर, व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीतही तो लिहायचा.

पाथर्डी फाटा (धागाकर्ती):
काल संध्याकाळी त्या दोघांना घरी बोलावून खरं काय ते सांगितलं. तुम्ही थेट बुकिंग करा, माझं नाव लावू नका, म्हटलं. वहिनींना वाईट वाटलं, पण मी ऐकलं नाही. करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे देऊ नका, हे मात्र दोनदा बजावलं. प्रकल्पाचा नंबर त्यांच्यासमोर टाकून पाहिला, साइटवर सांगितलेली ताब्याची तारीख आणि नोंदलेली तारीख यांत सात महिन्यांचा फरक निघाला. आता ते त्याबद्दल विचारायला जाणार आहेत.

क्लासवाला दोन हजार द्यायला टाळाटाळ करतो आहे, पावती आहे, मागत राहीन. यादीतल्या एका संस्थेच्या पुढच्या बॅचला नाव घालते आहे. नाशिकमधलं कोणी त्याच सुमारास परीक्षेला बसणार असेल तर कळवा, बरोबर अभ्यास करू. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते. आणि कोणाकडे मराठीतून काढलेल्या टिपा असतील तर मला हव्या आहेत.