महामार्गालगत सायकलने शाळेत येणाऱ्या मुलींनी कोणत्या बाजूने यावे, आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची?

प्रश्न – एक शिक्षक, गेवराई तालुका

आमची शाळा राष्ट्रीय महामार्ग ५२ लगतच्या एका फाट्यावर आहे. आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरून येणाऱ्या बऱ्याच मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत, आणि आठवीनंतर त्यांची शाळा सुटली नाही याचे मोठे श्रेय त्या सायकलींचे आहे. अडचण अशी की, रस्ता चौपदरी झाल्यापासून दुभाजकातला कट शाळेच्या बराच पुढे गेला. वस्ती आणि शाळा रस्त्याच्या एकाच बाजूला असूनही नियमाने यायचे म्हटले, तर मुलींना आधी पलीकडे जावे लागते, मग डाव्या कडेने कटापर्यंत जाऊन पुन्हा महामार्ग ओलांडून मागे यावे लागते. साहजिकच बहुतेक जणी साइडपट्टीवरून वाहतुकीच्या उलट दिशेने येतात.

पालक सभेत यावरून वाद झाला. टेम्पो चालवणाऱ्या एका पालकांचे म्हणणे असे की, सायकलवाले ना कर भरतात ना परवाना काढतात, तेव्हा गाडी आली की त्यांनीच खाली उतरावे. दुसऱ्या पालकांचे मत याच्या नेमके उलट होते. अपघात कसाही होवो, भरपाई मोठ्या गाडीलाच द्यावी लागते, म्हणून काळजीचे कारण नाही, असे ते म्हणाले. मला दोन्ही मते पटली नाहीत, परंतु उत्तरही देता आले नाही. शिवाय पायी येणाऱ्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षे ‘डावीकडून चाला’ असेच शिकवत आलो आहोत. तेही तपासून घ्यावेसे वाटते.

उत्तर – वकील, लातूर

सर, पहिल्या पालकांचे मत सर्वस्वी निराधार आहे. मोटार वाहन कर भरल्याने रस्त्यावर मालकी मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत सायकल बसत नाही, म्हणून तिला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. रस्ता वापरण्याच्या हक्काशी याचा काही संबंध नाही. उलट २०१७ च्या वाहनचालनविषयक केंद्रीय विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्याबाबत विशेष दक्षता घेण्याचे कर्तव्य मोटारचालकावर टाकले आहे. पायी चालणाऱ्यांविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग आहे, असे म्हटले आहे.

मात्र सायकलस्वाराला कोणताच नियम लागू नाही, असेही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ‘वाहन’ या संज्ञेत सायकलही येते, आणि त्याच्या कलम ९९ प्रमाणे खरी गरज किंवा पुरेसे कारण असल्याखेरीज वाहन चालवणाऱ्याने रस्त्याची डावी बाजू सोडता कामा नये. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकारपणे ‘कोणतेही’ वाहन चालवण्याला लागू होते. त्यातून सायकल सुटत नाही आणि बैलगाडीही सुटत नाही. तुमच्या मुलींच्या बाबतीत ‘पुरेसे कारण’ होते असा युक्तिवाद मी न्यायालयात जरूर करीन, पण तो अपघात घडून गेल्यानंतरचा विषय आहे.

आता दुसऱ्या पालकांविषयी. कोणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई कायद्यात आहे, हे त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. मोटार वाहन कायद्याच्या सुधारित कलम १६४ प्रमाणे ती मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर कलम १६१ खालील योजनेत हे आकडे अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार असे खाली येतात. पूर्ण नुकसानभरपाई हवी असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ चा अर्ज करावा लागतो, आणि तेथे दोषाचे मोजमाप होते. समजा, न्यायाधिकरणाने भरपाई १२ लाख ठरवली आणि विरुद्ध दिशेने आल्यामुळे सायकलस्वाराचा स्वतःचा दोष २५ टक्के धरला, तर हातात ९ लाखच येतात. लहान मुलांच्या बाबतीत न्यायालये असा दोष सहसा धरत नाहीत, परंतु अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती सवलत मिळेलच याची खात्री देता येत नाही. हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. फौजदारी खटल्यात मात्र ‘सायकलवालाही चुकला’ एवढ्याने बेदरकार चालकाची सुटका होत नाही.

आणखी एक बाब, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सायकलनेच एखाद्या पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाडले, तर तेथे मोटार वाहन नसल्यामुळे न्यायाधिकरणही नाही आणि विमा कंपनीही नाही. जखमी व्यक्तीला दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो. गावातल्या रस्त्यांवर हे प्रकार घडतात आणि बहुधा चहावर मिटवले जातात.

पायी चालण्याचे म्हणाल, तर पदपथ असल्यास पदपथावरून, आणि नसल्यास उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसत राहतील अशा रीतीने चालणे सुरक्षित मानले जाते. म्हणून सायकल डावीकडून आणि पायी उजवीकडून, असे दोन वेगळे पाठ द्यावेत.

उत्तर – मालट्रक चालक, जालना

गुरुजी, मी कायद्याचे बोलणार नाही; केबिनमधून काय दिसते ते सांगतो. ताशी ८० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत तो एक सेकंद सहज निघून जातो. मुलगी १५ च्या वेगाने माझ्याच दिशेने पुढे चालली असेल, तर आमच्यातले अंतर ताशी ६५ च्या हिशेबाने कमी होते. तीच समोरून आली तर ९५ च्या. तिला मी दिसतो हे खरे, पण उतरायला तिच्याकडे जागा कुठे असते?

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की हे आणखी बिघडते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दुभाजकाला खेटून उजव्या पदरातून चालतात, मागे दिवा नाही, परावर्तक चिखलाने माखलेला. त्यांना ओलांडायचे म्हणजे आम्ही डावीकडून, थेट साइडपट्टीच्या कडेने निघतो, आणि नेमक्या त्याच पट्टीवरून तुमच्या मुली येत असतात. डावीकडून ओलांडणारा आमचा माणूस चुकतोच, पण ज्याने अंधारात बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर आणली त्याला कोणी कधी विचारत नाही. सोयाबीनच्या दिवसांत शेतकरी अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घालून कडेला दगड मांडतात, तोही प्रकार याच जातीचा. हॉर्न वाजवला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आमच्यातल्या पुष्कळांना वाटते, हेही लिहून ठेवतो.

नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरला रात्री पायी निघणाऱ्यांनी तरी गटाच्या पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ठेवावा. समोरच्या गाडीने डिपर दिला नाही, तर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि काळ्या कपड्यातला माणूस अगदी बंपरजवळ आल्यावर दिसतो.

उत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता, नांदेड

वकीलसाहेबांनी कायदा बरोबर मांडला आहे, पण त्यातून ‘मुलींनी डाव्या बाजूनेच यावे’ असा सल्ला निघत असेल, तर माझा त्याला विरोध आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला एका फेरीत दोनदा महामार्ग ओलांडायला लावणे हे साइडपट्टीवरून उलट येण्याइतकेच, किंबहुना अधिक धोक्याचे आहे, कारण कटाजवळ वळणारी, थांबलेली आणि भरधाव जाणारी वाहने एकाच वेळी असतात. येथे मूळ चूक आखणीची आहे. वस्ती आणि शाळा एकाच बाजूला असताना त्या दोन ठिकाणांना जोडणारा सेवा रस्ता ठेवला गेला नाही.

तेव्हा मागणी कट जवळ आणण्याची करू नका. भरधाव वाहतुकीत नवा कट म्हणजे नवे अपघातस्थळ. मागणी करा ती त्याच बाजूने, लोखंडी कठड्याने वेगळ्या केलेल्या, दुतर्फा सायकल चालेल अशा पट्टीची. सायकलींसाठी म्हणूनच आखलेल्या मार्गावरून दोन्ही दिशांनी जाता येते, त्यामुळे उलट दिशेचा प्रश्नच राहत नाही. शेजारी पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ मागाल, तर भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी असावी लागते, हे अर्जात लिहा. शाळा पुढे असल्याचे फलक आणि वेगमर्यादा या गोष्टी लगेच होऊ शकतात.

अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावा आणि त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा उल्लेख करावा. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे ते कलम सांगते. रक्कम फार नाही. परंतु धोका लेखी कळवलेला असला की पुढे ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही.

पट्टी होईपर्यंत उलट दिशेच्या टप्प्यात मुलींनी सायकलवरून उतरून, एकामागे एक, डांबराच्या बाहेरून सायकल ढकलत यावे. वेळ जास्त लागेल, म्हणून शाळेची घंटा दहा मिनिटे पुढे ढकलण्याचा विचार करावा.

प्रश्नकर्ते

आपणा सर्वांचा आभारी आहे. सायकल ढकलत येण्याची सूचना मुली पाळतील की नाही, याबद्दल मी साशंक आहे. निदान उसाच्या हंगामात ती सक्तीची करता येईल. ट्रॉल्यांसाठी परावर्तक पट्ट्या द्याव्यात, असे पत्र कारखान्यांना शाळेतर्फे पाठवणार आहोत. एक शंका उरते. या वादानंतर काही पालक मुलींना सायकलऐवजी स्कूटी देण्याची भाषा करू लागले आहेत, त्यांना काय सांगावे?

उत्तर – वकील, लातूर

सोळा वर्षांखालील मुलीला कोणतेही मोटार वाहन चालवता येत नाही, आणि सोळा ते अठरा या वयात परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचाच. बाजारातील नेहमीच्या स्कूटी त्यात बसत नाहीत. अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडल्यास कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. २५० वॅटपर्यंत शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग घेणारी, नियमांत बसणारी विजेची दुचाकी या तरतुदींच्या बाहेर आहे, परंतु विक्रेते ज्या गाड्या ‘परवाना लागत नाही’ म्हणून विकतात, त्यांतील काहींचा वेग याहून अधिक असतो, म्हणून पावतीसोबत मान्यतेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

शाळेच्या फलकावर आणखी एक सूचना लावावी. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला मे २०२५ पासूनच्या केंद्रीय योजनेनुसार सूचीबद्ध रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात, आणि त्याला सद्भावनेने रुग्णालयात नेणाऱ्यावर कलम १३४अ प्रमाणे दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. फाट्यावरचे दुकानदार पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे येत नसतील, तर ही सूचना त्यांच्या दुकानांतही लावावी.