थिबाच्या समाधीवर आलेले ते दोन पाहुणे आणि म्यानमारची पाच वर्षं

भाट्येकर:

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, शाळेत इतिहास शिकवतो. थिबा राजा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा, पण आमच्या गावचाच माणूस. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणीसकट बोटीत घातलं, आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. तीस वर्षं परत जायची वाट पाहून १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, म्यानमारहून मोठी मंडळी समाधीवर आली होती. पोलिसांनी रस्ता अडवला होता म्हणून मी सायकल हातात धरून कडेला उभा राहिलो. भिक्खू होते, राजघराण्यातले वंशज होते, सरकारी माणसं होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेलं कात्रण मी जपून ठेवलं. उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आणि सरसेनापती मिन आँग ह्लाईंग, ही दोन नावं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे निवडून आलेल्या नेत्या आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना लष्करानं अटक केली. म्यिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी त्याच दिवशी सगळी सत्ता मिन आँग ह्लाईंग यांच्या हातात दिली. मी कात्रण काढून पुन्हा पाहिलं. तेच दोघे. परक्यांनी पळवलेल्या आपल्या राजाला नमस्कार करून गेलेले हे लोक आपल्याच माणसांवर गोळ्या कशा घालू शकतात, हे मला आजही समजत नाही.

विचारायचं हे आहे. कोलंबोत ९ जुलै २०२२ ला लोक अध्यक्षांच्या वाड्यात शिरले आणि चारच दिवसांत गोटाबाया देश सोडून गेले. ढाक्यात ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना निघून आल्या. म्यानमारमध्ये तर खेड्यापाड्यांतून लाखो माणसं उतरली होती. तिथेच का जमलं नाही? तिकडे राहून आलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दाणाबंदर:

सर, मी लिहितो. मी मूळचा लातूरचा. कडधान्याच्या खरेदीसाठी २०१७ पासून एप्रिल २०२१ पर्यंत यांगूनला राहिलो. आपल्या बाजारात जिला लेमन तूर म्हणतात ती तिकडचीच, आणि आयातीच्या उडदाचा मोठा हिस्साही तिकडचाच. सकाळी बायिनाँगच्या घाऊक बाजारात नमुने पाहायचे, दुपारी क्लिअरिंग एजंटकडे, संध्याकाळी लातूरला भाव कळवायचा, असा माझा दिवस.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या थिबाच्याच राजवाड्यात मिळालं. २०१८ मध्ये टिळकांची कोठडी कुठे होती ते पाहावं म्हणून मी मंडालेला गेलो. किल्ला चौकोनी, एकेक बाजू दोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दारानं आत सोडतात आणि राजवाड्यापर्यंतच्या एका सरळ रस्त्याखेरीज कुठेही वळू देत नाहीत. कारण बाकीचा सगळा किल्ला लष्कराचा आहे. झाडांच्या आडून बराकी दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, खेळणारी पोरं दिसतात. कोठडीबद्दल विचारलं तर पहारेकऱ्यानं नुसता हात हलवून पुढे जायला सांगितलं.

ती पोरं तिथेच जन्मतात. शाळा लष्कराची, दवाखाना लष्कराचा, लग्नं बहुतेक आपसांत. लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या आहेत, बँका आहेत, म्यानमार बिअरसुद्धा त्यांचीच होती. २००८ ची घटना त्यांनीच लिहिली, तिच्यात संसदेच्या पाव जागा निवडणुकीशिवाय त्यांच्या, गृह, संरक्षण आणि सीमा ही तिन्ही खाती त्यांची, आणि घटना बदलायला पाऊण संसदेहून जास्त मतं हवीत. म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय बदलच नाही. कोलंबोत आणि ढाक्यात सत्ता एका कुटुंबाची होती, सैन्य तिच्या शेजारी उभं होतं. सैन्यानं आपल्या लोकांवर बंदूक रोखायची नाही असं ठरवलं आणि खुर्ची गेली. म्यानमारमध्ये खुर्चीच सैन्याची. शेजारून बाजूला होणार कोण?

पण 'जमलं नाही' हे मला मान्य नाही, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

मी पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, खाली घरमालकीण. साठीच्या पुढची बाई, तिला सगळी गल्ली आन्टी म्हणायची. २ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजता तिनं जिन्यातून हाक मारली आणि माझ्या हातात ॲल्युमिनियमचं पातेलं आणि पळी दिली. तिकडे घरातलं भूत घालवायला भांडी वाजवतात. त्या रात्री अख्खं यांगून वाजत होतं. पंधरा मिनिटांनी पातेल्याला तीन पोचे आले होते. आन्टी म्हणाली, राहू दे, उद्या यातच भात लावते.

मग संप सुरू झाला. आधी मंडालेचे सरकारी डॉक्टर, मग शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले, कस्टमवाले. एटीएमसमोर पहाटेपासून रांगा. माझे उडदाचे अकरा कंटेनर बंदरात अडकले. लातूरहून शेठचा रोज फोन, काय लागेल ते दे पण माल काढ. मी ओळखीच्या कस्टम अधिकाऱ्याच्या घरी गेलो. लुंगी नेसून जमिनीवर बसले होते, सुपात लसूण सोलत. कागद पुढे केले. त्यांनी हात पुसले, कागद नीट वाचले, आकडे बरोबर आहेत म्हणाले आणि परत दिले. "तुमचं नुकसान होतंय ते मला कळतं. पण या सहीनं जो पैसा तिजोरीत जाईल त्याच्या गोळ्या होतील. माझी धाकटी रोज मोर्चाला जाते." एवढंच. बायकोनं चहा दिला. त्यांना तीन मुली, घर सरकारी. १० मार्चला रेल्वे कामगारांच्या वसाहतीत पोलीस आणि सैनिक शिरले आणि माणसं डोक्यावर गाद्या-भांडी घेऊन बाहेर पडली, तेव्हा यांची पाळीही येणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी सही केली नाही. माझा माल पाच आठवडे पडून राहिला, वर डेमरेज, म्हणजे माल अडून राहिल्याचा दंड, बसलं. मला त्या माणसाचा एक क्षणही राग आला नाही.

मार्चमध्ये गल्लीच्या तोंडाशी बायकांनी दोऱ्या बांधून आपली थमीनं, म्हणजे बायकांच्या लुंग्या, वर लटकवल्या. बाईच्या कमरेच्या वस्त्राखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं अशी तिकडे समजूत. आमच्या आजीच्या घरीही वाळत घातलेल्या लुगड्याखालून जायला बंदी होती, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही. सैनिक ट्रकवर चढून एकेक दोरी कापत बसायचे आणि तेवढ्यात पोरं मागच्या गल्लीतून निसटायची. आन्टीचं तपकिरी थमीन मी स्वतः खिडकीतून बांधलं.

१४ मार्चला ह्लाईंग थाऱ्यात, कपड्यांच्या कारखान्यांच्या त्या वस्तीत, एका दिवसात पन्नासहून जास्त माणसं मारली. दुसऱ्या दिवसापासून मोबाईलचं इंटरनेट गेलं. २७ मार्चला, त्यांच्या लष्कर दिनी, देशभरात शंभराहून जास्त. मग पोरं जंगलात गेली. आपली तूर जिथे पिकते त्या सगाईंग आणि मगवेतच सगळ्यात तिखट लढाई झाली. ऑक्टोबर २०२३ नंतर तीन वांशिक सेनांनी उत्तरेत एकामागून एक ठाणी घेतली, ऑगस्ट २०२४ मध्ये लाशिओचं विभागीय मुख्यालय पडलं. असं त्या सैन्याच्या इतिहासात कधीच झालं नव्हतं. पुढे चीननं मध्ये पडून एप्रिल २०२५ मध्ये लाशिओ परत द्यायला लावलं. शहरातले लोक आणि डोंगरातले लोक एका बाजूनं लढतायत, हेही तिथे नवीन आहे.

चंफाईहून:

मी सातारचा, बँकेच्या नोकरीमुळे तीन वर्षं मिझोराममध्ये होतो. सरहद्दीवर झोखाव्थार नावाचं गाव आहे. मध्ये तिआउ नदी, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पलीकडे रिखाव्दार. पलीकडचे चिन जमातीचे लोक आणि इकडचे मिझो एकमेकांना 'उनाउ' म्हणतात, भावंडं. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं येणाऱ्यांना थोपवायला सांगितलं, पण मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना पत्र लिहून कळवलं की हे आमच्या रक्ताचे लोक आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. पुढे तीस हजारांवर माणसं आली. यंग मिझो असोसिएशनची पोरं बांबू तोडून खोल्या उभ्या करायची, आणि आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा पगारातून तांदळाची पोती द्यायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये म्यानमारच्या सैन्याचं रिखाव्दारचं ठाणं पडलं तेव्हा तेच सैनिक जीव वाचवायला नदी ओलांडून इकडे आले. मी बाजारात उभा होतो. ज्यांची घरं त्या सैन्यानं पलीकडच्या थांतलांग गावात जाळली ती माणसं गप्प उभी राहून पाहत होती. कुणी दगड उचलला नाही.

सडेतोड:

सगळं वाचलं, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही. २०१७ मध्ये याच सैन्यानं राखाईन प्रांतातल्या सात लाखांवर रोहिंग्या मुसलमानांना हाकललं तेव्हा ही पातेली कुठे होती? सू ची स्वतः डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात सैन्याची बाजू मांडायला गेल्या. ज्यांना शेजाऱ्याचं रडणं ऐकू आलं नाही त्यांच्या लोकशाहीबद्दल आपण एवढं हळहळावं का?

दाणाबंदर:

प्रश्न रास्त आहे. मी तेव्हा तिथेच होतो. आन्टीशी माझं यावरून २०१७ मध्ये भांडण झालं होतं. ती म्हणाली, ते आपले नाहीत, बाहेरून आलेत, घरं स्वतःच जाळतात. टीव्हीवर सांगायचे ते शब्द न् शब्द. आम्ही महिनाभर बोललो नाही.

मार्च २०२१ मध्ये समोरच्या घरातला मुलगा रात्री उचलून नेला. सकाळी टीव्हीवर आलं की तो दंगलखोर होता, घरात बाँब सापडले. तो मुलगा मोबाईल दुरुस्त करायचा. आन्टी जिन्यात बसली होती. मला म्हणाली, "तेव्हा त्यांच्याबद्दल सांगितलं ते आम्ही खरं धरलं. आता आमच्याबद्दल तेच सांगतायत." त्या दिवसांत कितीतरी जणांनी रोहिंग्यांची उघड माफी मागितली. जूनमध्ये भूमिगत राष्ट्रीय एकता सरकारनं रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारणारा १९८२ चा कायदा रद्द करू असं लिहून दिलं. हे कागदावरच आहे, आणि राखाईनमध्ये सैन्याशी लढणाऱ्या अराकान आर्मीवरही रोहिंग्यांवरच्या अत्याचाराचे गंभीर आरोप आहेत. सगळे शहाणे झाले असं मी म्हणणार नाही. एक बाई बदलली हे मी पाहिलं.

भाट्येकर:

मनापासून आभार. यातलं बरंच काही वर्गात वाचून दाखवणार आहे. ते लसूण सोलणारे कस्टम अधिकारी, त्यांचं पुढे काय झालं?

दाणाबंदर:

घर गेलं, नोकरी गेली. २०२२ मध्ये सगळे थायलंडच्या हद्दीत मे सॉटला पोचले. ते तिथल्या बर्मी मुलांच्या शाळेत गणित शिकवतात, बायको शिवणकाम करते. धाकटी बरोबर नाही, ती कुठे आहे ते ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. गेल्या महिन्यात फोनवर बोललो. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या निवडणुकीचा विषय मी काढला तर म्हणाले, सू चींच्या ज्या पक्षाला आम्ही मत दिलं तो २०२३ मध्येच मोडीत काढला, आता कुणाला द्यायचं? मग लातूरला तुरीचा भाव काय चाललाय ते विचारलं.